तालमीचा रोबोट

नाटकाच्या तालमीत सिंहासनाऐवजी साधी लाकडी खुर्ची चालते. पण त्या खुर्चीपर्यंत पाच पावलं असतील, तर तालमीतही पाचच लागतात. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलांबरोबर ‘फर्स्ट रोबोटिक्स’ स्पर्धेसाठी सरावाचा स्वस्त रोबोट बांधताना मला हाच हिशेब पुन्हा पुन्हा करावा लागला. खुर्ची कोणती आणि पावलं कोणती?

आमचा रोबोट ‘स्वर्व्ह ड्राइव्ह’ या रचनेवर चालतो. तिच्यात प्रत्येक चाकाला दोन मोटरी असतात. एक चाक फिरवते, दुसरी ते वळवते. चार चाकं, आठ मोटरी. त्यामुळे रोबोट तोंड न वळवता खेकड्यासारखा आडवा जातो आणि जाता जाता गिरकीही घेतो. नुसतं सरकायचं तर चारही चाकांची दिशा एकच. नुसती गिरकी घ्यायची तर प्रत्येक चाक रोबोटच्या मध्याभोवतीच्या वर्तुळाला स्पर्शिकेसारखं उभं राहतं. दोन्ही एकदम हवं असेल, तर प्रोग्राम या दोन बाणांची बेरीज करतो, तीही प्रत्येक चाकासाठी वेगळी आणि सेकंदाला 50 वेळा.

सराव व्हायचा असतो तो या बेरजेचा, आणि तिच्यावर चालणाऱ्या मुलांच्या हातांचा. मग ॲल्युमिनियमची चौकट ही खुर्ची ठरते. घरच्या सरावात कुणी येऊन आदळत नाही, तिथे जाड प्लायवुड पुरतं. वरची शिडी, हात, पकड, काहीच नको. पण वजन हे पाऊल आहे. स्पर्धेतला रोबोट बंपर आणि बॅटरीसकट 60 किलोच्या घरात जातो. नुसता तळ त्याच्या निम्माही भरत नाही, त्यामुळे तो चटकन थांबतो, चटकन वळतो. त्यावर शिकलेल्या मुलाचा अंदाज मैदानात चुकतो. म्हणून आम्ही तळावर वाळूच्या पिशव्या पट्ट्यांनी करकचून आवळतो. वाळू जवळजवळ फुकट मिळते.

थकलेली बॅटरी वापरून मात्र बचत करू नये. आठ मोटरी एकदम जोर लावतात तेव्हा तिचं व्होल्टेज कोसळतं, कंट्रोलर मोटरींचा पुरवठा तोडतो, आणि मुलं ज्या रोबोटवर शिकतात तो स्पर्धेतला नसतोच. जमिनीचंही तसंच. मैदानावर गालिचा असतो, म्हणून गालिच्याचे उरलेले तुकडे आणून अंथरावेत. गुळगुळीत फरशीवर चाकं घसरतात. घासलेली चाकंही फसवतात. चार इंची चाकाचा व्यास चार मिलिमीटरने कमी झाला आणि प्रोग्रामला तो कळवला नाही, तर पाच मीटरांत सुमारे 20 सेंटिमीटरची चूक होते.

सगळ्यात जपायचं ते चाकांचं शून्य. म्हणजे ‘सरळ’ कशाला म्हणायचं, हे प्रत्येक चाकाचा कोन मोजणाऱ्या एन्कोडरला एकदा सांगणं. आम्ही एका बाजूच्या दोन्ही चाकांना चौकोनी नळी चिकटवून ती सरळ रेषेत आणली, दुसऱ्या बाजूचीही तशीच, आणि आकडे नोंदवले. चालू केला तर रोबोट पुढे जायच्या ऐवजी एका कोपऱ्याभोवती ओढला जाऊ लागला. तासभर वायरी तपासल्या. मग नववीतल्या एका मुलीने गुडघ्यांवर बसून चाकांकडे पाहिलं. तीन चाकांचे दातेरी गिअर डावीकडे होते, चौथ्याचा उजवीकडे. चाक दिसायला सरळच, पण अर्धा फेरा उलटं, त्यामुळे ‘पुढे’ म्हटलं की ते मागे फिरायचं. तिने ते हातानेच फिरवलं, आकडा पुन्हा नोंदवला, आणि रोबोट नाकासमोर चालत गेला. स्पर्धेच्या आदल्या रात्री हीच चूक झाली असती, तर चाकांकडे असं निवांत बसून पाहायला कुणाला वेळ मिळाला नसता.

या सगळ्यात महाग पडतात त्या मोटरी आणि चाकांचे संच. ते नवे घ्यायची गरज नसते. हंगाम संपला की गेल्या वर्षीचा रोबोट मोडायची घाई होते. यंदा वरचं सगळं खुशाल काढा, पण चाकांसकट तळ तेवढा राहू द्या.