‘मी कोण सांगणारा?’

आजचे शुभवर्तमान : मार्क ६:७-१३



येशू बारा जणांना दोघं-दोघं करून पाठवतो. भाकरी नाही, झोळी नाही, कमरेला पैसा नाही. हातात फक्त काठी, आणि सोबत अशुद्ध आत्म्यांवरचा अधिकार. ते जातात, लोकांना मनपरिवर्तनाची हाक देतात, भुते काढतात, आजाऱ्यांना तेल लावून बरे करतात.

पण हे बारा जण होते तरी कोण? त्यांत पेत्र होता, जो पुढे प्रभूला तीनदा नाकारणार होता. यहूदाही होता. मार्कचाच नववा अध्याय वाचा. अधिकार मिळालेल्या याच शिष्यांना एका मुलातला दुष्टात्मा काढता येत नाही. येशू सांगतो, हे प्रार्थनेशिवाय होत नाही. आणि थोड्याच वेळात ते वाटेत वाद घालतात, आपल्यात मोठा कोण!

काही महिन्यांपूर्वी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चर्चा चालली होती, एका कुटुंबाला घर भाड्याने देऊ नये म्हणून. कारण काय, तर त्यांचा धर्म. पटापट अंगठे पडत होते. त्याच सकाळी मी मिस्सामध्ये पहिलं वाचन केलं होतं. मी दोन ओळी टाइप केल्या आणि पुसून टाकल्या. मनाशी म्हटलं, ‘मी कोण सांगणारा? मी तरी कुठे संत आहे?’ ते कुटुंब आलंच नाही.

पुढे पापनिवेदनाला गेलो तेव्हा लक्षात आलं, ती भीती होती. मी तिला नम्रता म्हणत होतो.

तरी प्रश्न उरतोच. ज्याचं स्वतःचं मन अजून पुरतं पालटलेलं नाही, त्याने दुष्टाईविरुद्ध बोलावं का? येशूने बारा जण परिपूर्ण होईपर्यंत वाट पाहिली नाही. अधिकार त्याचा होता, त्यांच्या लायकीचं बक्षीस नव्हतं. पण त्याने त्यांना रिकाम्या हातांनी पाठवलं, हेही विसरू नका. ‘माझं परिवर्तन झालंय’ असं समजून जो लढायला निघतो, त्याला दुष्टाईऐवजी माणसंच शत्रू दिसू लागतात. येशूने अधिकार दिला तो अशुद्ध आत्म्यांवर, माणसांवर नाही.

ख्रिस्तसभेचंही तेच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली सांगितलं, की ख्रिस्तसभा पवित्र आहे आणि तिला सतत शुद्ध होण्याचीही गरज आहे. १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. जी स्वतःचं पाप लपवते, ती जगातल्या पापाविरुद्ध कुठल्या तोंडाने बोलणार?

आपला स्नानसंस्कार झाला तेव्हा बहुतेकांच्या वतीने आईवडील आणि धर्ममातापिता बोलले. म्हणून दरवर्षी पास्काच्या रात्री आपल्याला पुन्हा विचारलं जातं : सैतानाचा त्याग करता का? गेल्या वर्षीचं ‘होय’ या वर्षाला पुरत नाही.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर तोच विषय परत निघाला. या वेळी मी लिहिलं, “मागच्या वेळी मी गप्प बसलो, ती माझी चूक होती. धर्म बघून घर नाकारणं मला पटत नाही.” बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, “बरं झालं लिहिलंस. मलाही तेव्हा बोलायचं होतं रे.”

आजचा निश्चय : ‘मी कोण सांगणारा?’ असं म्हणून आपण कुठे गप्प बसलो, ते आज रात्री प्रभूला सांगू या.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आधी माझं मन पालट, आणि ते पुरतं पालटायच्या आधीच मला पाठव. आमेन.