विरळणीचा न्याय

बँकेत जन्म काढलेल्या माणसाला कुंडीत बी पेरताना एक मोठा दिलासा असतो : इथे जामीनदार लागत नाही. विश्वास मात्र फार लागतो! कोलियसचं बी खसखशीएवढं. पेरताना शिंक आली की मुद्दल गेलं. शिवाय ते मातीत पुरायचं नाही. उगवायला त्याला उजेड लागतो. ओल्या मातीवर नुसतं टेकवायचं आणि दहा-पंधरा दिवस वाट बघायची.

कोलियस हे तुळशीच्या नात्यातलं. १७६३ साली लिनियसने त्याला चक्क तुळशीच्याच गोत्रात नोंदवलं होतं. पुढे शास्त्रज्ञांनी खातं दुसरीकडे वर्ग केलं. मंजिऱ्या अजूनही तशाच येतात, पण कौतुक सगळं रंगीत पानांचं. फांदी खोचून लावलं तर रोप हुबेहूब आईसारखं निघतं. ही झाली मुदत ठेव. बियांचं तसं नाही. एका पाकिटातून दहा रोपं, दहा तऱ्हा!

खरा पेच उगवल्यावर. कुंडी एक, रोपं चाळीस. विरळणी करावीच लागते. पण ठेवायचं कोणाला आणि उपटायचं कोणाला?

"त्यात काय? उंच दहा पास, बाकीचे नापास!" शेजारच्या निवृत्त मास्तरांनी निकाल लावून टाकला. जगाचा शिरस्ताही हाच. पण कोलियस पेरणाऱ्यांचा अनुभव नेमका उलटा आहे. पानातल्या हिरव्या द्रव्यावर रोपाचं पोट चालतं. ज्याच्या पानात हिरवं कमी, त्याची मिळकत कमी आणि वाढही सावकाश. त्यामुळे मागे रेंगाळलेली खुरटी रोपंच बरेचदा पुढे सर्वांत रंगीत निघतात.

"अहो, मग हिरवी उपटा की!" सौ. म्हणाली.

वा! म्हणजे ज्यांनी निमूटपणे काम केलं, स्वतःचं पोट स्वतः भरलं, त्यांनाच नारळ? उंचीचं माप मास्तरांचं, रंगाचं माप आमचं. रोपाला विचारलंय कोणी?

मंडळी, निवड टळत नाही हे मलाही कळतं. दहा जागांसाठी हजार अर्ज येतात, तेव्हा नऊशे नव्वद घरी जाणारच. पण त्या मुलांना "जागा नव्हती" असं सांगणं हे सत्य आहे. "तुमची लायकी नव्हती" असं सांगणं हा आगाऊपणा. कुंडी लहान आहे, हा काही रोपाचा दोष नव्हे. निकाल लावायचाच, तर निदान पानांवर रंग चढेपर्यंत थांबावं. आणि उपटताना मनातल्या मनात तरी "माफ कर, जागा नाही" म्हणावं.

मी तर थांबलोच, शिवाय उपटलेल्यांपैकी जमतील तेवढ्यांची सोयही लावली. सध्या आमच्या घरात कान तुटलेला एकही कप रिकामा नाही. आणि पाहुणे आले, की चांगल्या कपांकडे सौ. आधी संशयाने पाहते!