पायवाट कोणाची?

जुन्नरहून नाणेघाटानें कोंकणांत उतरणारी वाट सुमारें २००० वर्षांची आहे. सातवाहनांचा शिलालेख तेथील लेण्यांत अद्यापि आहे. आंबेगांव तालुक्यांतील आहुपे घाटानेंही लोक मुरबाडकडे उतरत आले. त्या वाटा खडकावरच्या, म्हणून टिकल्या. शेतांतली पायवाट मात्र नांगराच्या एका तासानें पुसली जाते.

तर आपल्याच जमिनींतील वाट नांगरणें हें पाप आहे काय? कोणी म्हणेल, "सातबारा माझ्या नांवाचा आहे." परंतु १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमान्वयें शेतकऱ्यास आपल्या शेतीं जाण्यासाठीं दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागतां येते, व तहसीलदार चौकशी करून निर्णय देतात.

तथापि जिला शेतच नाहीं, अशा मोळी वाहणाऱ्या विधवेनें कोणतें कलम दाखवावें? मत्तयाच्या १२ व्या अध्यायांत प्रभु शिष्यांसह शेतांतून चालला, तेव्हां परूश्यांनीं दोष काढला तो शब्बाथाविषयीं. चालण्याविषयीं कोणीं शब्दही काढला नाहीं. प्रभूची स्वतःची जमीन नव्हती. तो परक्याच्या शेतांतूनच गेला.

हातभर जमीन सोडणें गरिबास जड आहे, हें आम्ही जाणतों. म्हणून ज्याचें शेत मोठें त्यानें आधीं सोडावी. आणि जाणाऱ्यानें पीक तुडवूं नये, गुरें मोकळीं सोडूं नयेत.

प्रिय बंधूंनो, पेरणीपूर्वीं आपला बांध पाहा. आपल्या नांगरानें कोणाची विहिरीची, शाळेची अथवा उपासनेची वाट तर बंद झाली नाहीं ना? झाली असल्यास, तहसीलदाराची नोटीस येण्यापूर्वीं ती मोकळी करावी.