पाड्यावरचा वाचक आणि वाचनालयाची सभा

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातले पाडे रिकामे होऊ लागतात. भाताची झोडणी आटोपून वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर कुटुंबं पोराबाळांसह भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघतात. परततात ती पावसाच्या तोंडावर. जिथला वाचक वर्षातले कितीतरी महिने गावातच नसतो, तिथे सार्वजनिक वाचनालय कुणाचं आणि ते चालवायचं कुणी?

लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ साली पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तेव्हा याचं उत्तर सोपं होतं: वर्गणीदारांचं. ज्या ठाणे जिल्ह्यातून २०१४ मध्ये जव्हार-मोखाड्याचा पालघर जिल्हा वेगळा झाला, त्या ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं, तेही लोकांनीच उभं केलं. सभासदांनी कार्यकारी मंडळ निवडायचं आणि वार्षिक सभेत हिशेब मागायचा, ही शिस्त मराठी वाचनालयांनी फार लवकर अंगी बाणवली. ते त्यांचं खरं वैभव. पण वर्गणी न परवडणाऱ्याला त्या सभेत हात वर करता येत नव्हता.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी हे कुंपण काढलं. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावलं. गावोगावी मोफत वाचनालयं निघाली, त्यांच्या खर्चात गावकऱ्यांनाही वाटा उचलायला लावला गेला. आणि जिथे वाचनालय नव्हतं, तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या गेल्या.

याहून जवळचा धडा डहाणू तालुक्यातला. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल शाळेत येत नाही, हा त्यांनी मुलाचा दोष मानला नाही.

महाराष्ट्राचा १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा मात्र लोकांच्या पुढाकारावर विसंबला. ग्रंथालय-कर नाही, लोकांनी संस्था काढावी, सरकारने तिला मान्यता, अ ते ड वर्ग आणि अनुदान द्यावं. त्यातून राज्यात हजारो वाचनालयं उभी राहिली, ही लहान गोष्ट नव्हे. पण नोंदणी, लेखापरीक्षण, पदरचा पैसा हे सारं शिक्षक-वकील-व्यापारी असलेल्या पेठेत जितकं सहज जमतं, तितकं पाड्यावर जमत नाही.

तरी पाड्याला सभा नवी नाही. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४चे नियम पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा घेण्याची वाट देतात. वाचनालयाचं मंडळ याच सभेला बांधील का नसावं? पुस्तकं कोणती घ्यायची, वाचनालय संध्याकाळी किती वाजता उघडायचं, हे तिथे ठरावं, खर्चाचा हिशेबही तिथेच मोठ्याने वाचला जावा. मंडळात बायका हव्यात, आणि स्थलांतरावर जाणारी माणसंही. दिवाळीआधीच्या सभेत भट्टीवर न्यायच्या पुस्तकांची पेटी भरली जावी, ती सांभाळणारा तिथेच नेमावा. आणि त्या पेटीतली देवघेव वाचनालयाची वर्गवारी ठरवताना धरली जाईल, अशी स्पष्ट तरतूद ग्रंथालयांच्या नियमांत हवी.