सत्तावन्न सालची पंगत

सांगलीत आम्ही आठ-नऊ जण गेली काही वर्षं पावसाळ्यात एक उपक्रम करतो. ज्येष्ठात एक साल ठरवायचं, त्या सालचे मिळतील तेवढे चित्रपट दर शनिवारी एकत्र बसून पाहायचे आणि दसऱ्याआधीच्या शनिवारी प्रत्येकाने आपल्या आवडीचा एकच चित्रपट सांगून त्याची बाजू लढवायची. ‘सगळेच आपापल्या जागी चांगले’ असं म्हणायला बंदी आहे. यंदा साल होतं १९५७.

अशी चर्चा रिकामपणाची आहे, असं मानणारे पुष्कळ भेटतात. मला ती तशी वाटत नाही. चित्रपटावर बोलण्याच्या ज्या पद्धती आपल्यात रूढ आहेत, त्यांत एका सालापुरतं बोलणं ही सगळ्यांत प्रामाणिक पद्धत आहे असं माझं मत बनत चाललं आहे. सार्वकालिक श्रेष्ठ चित्रपटांची यादी करताना आपण प्रत्येक चित्रपट त्याच्या घरातून उचलून आणतो आणि देव्हाऱ्यात ठेवतो. तिथे त्याला शेजारी नसतात. एका सालाची यादी करायची म्हटलं की त्याला पुन्हा पंगतीत बसावं लागतं. समोर तोच प्रेक्षक, तेच सरकार, तीच टंचाई आणि बाहेर तोच पाऊस.

१९५७ ची पंगत पाहा. फेब्रुवारीत गुरुदत्तचा ‘प्यासा’ आला तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते. १ एप्रिलला नये पैसे सुरू झाले. ऑक्टोबरअखेर मेहबूब खानांचा ‘मदर इंडिया’ लागला तेव्हा रुपयाचे शंभर पैसे झाले होते. मध्ये बी. आर. चोप्रांचा ‘नया दौर’ येऊन गेला होता. त्याच वर्षी व्ही. शांतारामांचा ‘दो आंखें बारह हाथ’ आला. स्वातंत्र्याला दहा वर्षं पुरी होत होती, दुसरी पंचवार्षिक योजना सुरू होती, दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली होती. आपल्याकडे द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विरोधात संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं होतं. नोव्हेंबरच्या अखेरीस प्रतापगडावर पंडित नेहरूंना काळी निशाणं दाखवली गेली. या चार चित्रपटांत त्या आंदोलनाचा मागमूस नाही. तरी चौघांतही एकच प्रश्न धुमसतो आहे: हा देश आपला झाला, पण त्यात आपली जागा कोणती?

हे मला चारही चित्रपट सुटे पाहिले तेव्हा कधी जाणवलं नव्हतं. ‘प्यासा’ मी पूर्वी पाच-सहा वेळा तरी पाहिला असेल. तो मला एका एकट्या कवीची व्यथा वाटायचा. यंदा आदल्या शनिवारी ‘नया दौर’ पाहिला होता आणि पुढच्या शनिवारी ‘प्यासा’ लावला. दोन्हींची गाणी साहिर लुधियानवींची. ‘नया दौर’मध्ये गावकरी कुदळ-फावडी घेऊन रस्ता बांधायला उतरतात, तेव्हा हाच शायर त्यांना एकमेकांचा हात धरायला सांगतो. त्यात घामाचा अभिमान आहे, उद्यावर भरवसा आहे. आणि ‘प्यासा’त विजय वेश्यावस्तीतल्या गल्लीतून अडखळत चालतो तेव्हा तोच शायर देशाचा अभिमान मिरवणाऱ्यांना हाक मारून विचारतो, की तुम्ही आहात कुठे? एका वर्षात, एकाच लेखणीतून ही दोन्ही गाणी आली. यातला खरा साहिर कोणता, हे विचारण्यात अर्थ नाही. त्या वर्षी या देशातल्या कुठल्याही विचारी माणसाच्या मनात हे दोन्ही आवाज एकाच वेळी चालू असणार. ‘प्यासा’चा नकार इतका धारदार का, हे मला ‘नया दौर’च्या होकारामुळे कळलं.

‘मदर इंडिया’ आणि ‘नया दौर’ यांचंही तसंच. ‘मदर इंडिया’च्या सुरुवातीलाच वृद्ध राधा मातीचं ढेकूळ हातात घेऊन बसलेली दिसते आणि भोवती ट्रॅक्टर, पूल, यंत्रं. गावात कालवा आला आहे आणि त्याचं उद्घाटन तिच्या हातून व्हायचं आहे. यंत्र इथे आशीर्वाद म्हणून येतं. त्यासाठी किती रक्त सांडलं, एवढंच पुढचे पावणेतीन तास सांगितलं जातं. ‘नया दौर’ला या आशीर्वादाची खात्री नाही. तिथे आधी लाकूड कापायचं यंत्र येऊन कामगारांच्या पोटावर पाय देतं, मग बस येऊन टांगेवाल्यांच्या. जणू एकाच वाड्यातले दोन भाऊ एकाच जमिनीबद्दल भांडताहेत. हे भांडण मला कुठल्याही समीक्षेच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवून गेलं.

बक्षिसांचा हिशेब इथे ओघाने येतो. फिल्मफेअरने ‘मदर इंडिया’ला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं आणि ‘नया दौर’साठी दिलीपकुमारला अभिनेत्याचं पारितोषिक दिलं. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक ‘दो आंखें बारह हाथ’ला गेलं. ‘प्यासा’ला फिल्मफेअरचं एकही पारितोषिक नाही. २००५ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातल्या शंभर उत्तम चित्रपटांची निवड केली, तीत मात्र ‘प्यासा’ होता. यावरून ‘त्या वेळच्या लोकांना कळलं नाही’ असा सोपा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. १९५७ मधल्या माणसाला दहा वर्षांच्या कष्टांचं चीज झालेलं पाहायचं होतं. ती त्याची गरज होती, अडाणीपणा नव्हे. आपण आज ‘प्यासा’ला वर बसवतो त्यातही आपली गरज आहे. आपला भरवसा उडाला आहे आणि नकार देणारा नायक आपल्याला जवळचा वाटतो.

‘दो आंखें बारह हाथ’बद्दल मात्र मराठी माणसाला तटस्थपणे बोलणं अवघड जातं. आम्ही तर सांगलीचे. चित्रपटाची कल्पना जिथून आली ते स्वतंत्रपूर आमच्याच जिल्ह्यात, आटपाडीजवळ. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या सोबतीने, १९३९ च्या सुमारास तिथे कैद्यांची मोकळी वसाहत उभी केली. भिंत नाही, बेड्या नाहीत. शेती करायची आणि राहायचं. ती वसाहत आजही आहे. चित्रपटाची कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची. त्यांचं माडगूळही त्याच मुलखातलं, तेव्हाच्या औंध संस्थानातलं. नुकतंच ‘गीतरामायण’ पूर्ण केलेला हा माणूस आपल्या गावाशेजारची ही गोष्ट पडद्यावर आणत होता. वसंत देसाईंचं संगीत, शांतारामांचं राजकमल. आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी या चित्रपटाची बाजू इतक्या मायेने मांडली की दुसऱ्याने तोंड उघडू नये.

तरी मी उघडलं, कारण त्याच सालचा एक परदेशी चित्रपट माझ्या डोक्यात होता. सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’; त्याचा हा पहिलाच चित्रपट. पुढे बासू चटर्जींनी त्यावरून ‘एक रुका हुआ फैसला’ केला, त्यामुळे आपल्याकडे ही कथा ठाऊक आहे. एका खोलीत बारा पंच आणि त्यांत शंका घेणारा एकच. इकडे सहा खुनी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एकच जेलर. दोन्ही चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गौरवले गेले: ल्युमेटच्या चित्रपटाला १९५७ मध्ये सुवर्ण अस्वल, शांतारामांच्या चित्रपटाला पुढच्या वर्षी रौप्य अस्वल. दोन्हींत एक माणूस इतरांना बदलतो. पण कसा? तिकडे प्रश्न विचारून, चाकू टेबलावर रोवून, घड्याळाचे सेकंद मोजून. प्रत्येक पंच स्वतःच्या बुद्धीने बदलतो आणि बदलताना त्याचं आयुष्य आपल्याला थोडं कळतं. इकडे जेलरच्या डोळ्यांचा धाक आणि माया एकत्र काम करतात. कैदी पळून जातात आणि ते डोळे आठवून परत येतात. दृश्य म्हणून ते विलक्षण आहे. पण त्या सहा जणांना स्वतःची बुद्धी किती दिली आहे? ते बारा हात आहेत, शीर्षकानेच त्यांना तसं ठेवलं आहे. स्वतंत्रपुरात खरोखर जे घडलं ते या चित्रपटापेक्षा मोठं होतं, असं मला वाटतं, कारण तिथे एका माणसाच्या नजरेवर वसाहत चाललेली नाही. पंतप्रतिनिधी गेले, फ्रीडमन गेले, तरी ती उरली.

बाई यावर गप्प राहिल्या. नंतर चहा ओतताना म्हणाल्या, “एवढं बुद्धीचं कौतुक करता, पण तुम्हाला कुणी कधी नजरेनं सावरलं नाही का?” मला उत्तर सुचलं नाही आणि अजून सुचलेलं नाही.

एका सालाची चौकट खोटी आहे, असा आक्षेप आमच्यातल्या वकिलांनी घेतला. तो खरा आहे. ‘मदर इंडिया’ हा मेहबूब खानांच्याच १९४० च्या ‘औरत’चा नवा अवतार, सावकाराच्या भूमिकेत दोन्हीकडे कन्हैयालालच. मग हा चित्रपट कुठल्या सालचा म्हणायचा? शिवाय जत्रेतल्या तंबूत हे चित्रपट गावोगाव पोचायला कितीतरी काळ जायचा. तिथल्या माणसाचं सत्तावन्न साल मुंबईच्या मागून यायचं. हे सगळं मान्य करूनही मी म्हणेन की चौकट घातल्याशिवाय चौकटीबाहेर काय राहिलं ते दिसत नाही. ‘१९५७ चे चित्रपट’ म्हणताना आम्ही पहिल्या शनिवारी फक्त हिंदी नावं लिहिली होती. आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्याने, नोकरीनिमित्त हैदराबादला तीन वर्षं काढलेल्याने, ‘मायाबझार’चं नाव घेतलं आणि आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. के. व्ही. रेड्डींचा हा तेलुगू चित्रपट त्याच वर्षीच्या मार्चमधला. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीवर्षात, २०१३ मध्ये, सीएनएन-आयबीएनने घेतलेल्या कौलात लोकांनी त्याला सर्वश्रेष्ठ भारतीय चित्रपट ठरवलं होतं आणि आम्ही चित्रपटवेडे म्हणवणारे त्याबद्दल काही जाणत नव्हतो.

तो पाहिला आणि लाज वाटली. कथा आपलीच, वत्सलाहरणाची. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी मूकपटाच्या काळात ती पडद्यावर आणली होती, ज्यांच्या हाताखाली शांताराम घडले. तेलुगूत वत्सलेची शशिरेखा होते. महाभारतातल्या पात्रांची कथा, पण पांडव पडद्यावर एकदाही दिसत नाहीत. घटोत्कच झालेले एस. व्ही. रंगाराव लग्नाच्या पंक्तीतलं अन्न एकट्याने फस्त करतात, ते पाहताना आमच्या खोलीत लहान मुलासारखं हसू पसरलं. या चित्रपटाला देशात आपली जागा कोणती, हा प्रश्न पडलेलाच नाही. तो हजार वर्षांच्या ऐकीव गोष्टीत ऐसपैस बसला आहे. माझ्या ‘चारही चित्रपटांत एकच प्रश्न’ या मांडणीला त्याने सुरुंग लावला, आणि ते योग्यच झालं.

आणखी एक गोष्ट सालाच्या चौकटीमुळेच दिसली. हृषीकेश मुखर्जींचा ‘मुसाफिर’, विजय आनंदचा ‘नौ दो ग्यारह’, नासिर हुसेनचा ‘तुमसा नहीं देखा’: तिघांचेही दिग्दर्शक म्हणून पहिले चित्रपट १९५७ चेच. आमच्यापैकी कुणीही यांतला एकही निवडला नाही. पण ‘गाइड’, ‘आनंद’, ‘यादों की बारात’ यांची बी त्या पंगतीच्या टोकाला कुणाचं लक्ष नसताना बसली होती. थोरले आपल्या दहा वर्षांचा हिशेब मांडत होते आणि धाकटे शेवटच्या पानांवर बसून वेगळंच काही शिजवत होते.

माझं मत मी ‘नया दौर’ला दिलं. कलाकृती म्हणून ‘प्यासा’ त्याच्या खूप पुढे आहे, हे मला ठाऊक आहे. व्ही. के. मूर्तींच्या छायाप्रकाशाची सर ‘नया दौर’मध्ये कुठेच नाही. टांगा बसला हरवतो ही गोष्टही कुणी खरी मानणार नाही. पण शर्यतीआधी गाव जवळचा रस्ता बांधतं, तो भाग मला आज फार मोठा वाटतो. यंत्राशी भांडताना हे लोक यंत्र फोडायला जात नाहीत, नशिबाला दोषही देत नाहीत. स्वतःच्या हाताने रस्ता करतात. काम हिरावलं जाण्याची भीती आज पुन्हा घराघरात आली आहे आणि त्यावर एवढं ठाम उत्तर माझ्या पाहण्यात दुसरं नाही. मी जरा आवेशानेच बोललो.

आमच्यात एक आप्पा आहेत, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील मिरज स्टेशनवर टांगा चालवायचे. माझं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “आमच्या बाबांनी हा शिणुमा तीनदा बघितला. टांगा पुढं गेला की उभं राहून टाळ्या वाजवायचे. पण सर, रस्ता त्यांनी बांधला ते ठीक. पुढं त्या रस्त्यावरनं धावली बसच. मीच चालवली की.”

मग आप्पांचं मत ‘नया दौर’ला नाही तर कुणाला, असं बाईंनी विचारलं. त्यांनी ‘मदर इंडिया’चं नाव घेतलं. राधेसाठी का, ती साकारणाऱ्या नर्गिससाठी का, असं धाकट्याने विचारलं तेव्हा आप्पांनी मान हलवली. घोडा घ्यायला बाबांनी कर्ज काढलं होतं, म्हणाले. घोडा मेला तरी ते फिटलं नव्हतं. सावकार वहीतले आकडे वाचून दाखवायचा आणि बाबा अंगठा उठवायचे.

“तो बिरजू वह्या पेटवतो ना,” आप्पा म्हणाले, “तेवढंच बघायला मी दर वेळी शेवटपर्यंत बसतो.”