दया, पण कोणाच्या खर्चानं?

पर्युषणात जीवदयेची पेटी समोर आली की मी हात आखडता घेत नाही. मागच्या वर्षी कत्तलीच्या वाटेवरून सोडवलेल्या उंटांसाठी पैसे टाकले आणि पुढच्या पावसाळ्यात एका पांजरपोळात त्यांना बघायला गेले. चारा होता, पाणी होतं. पण तो वाळवंटातला जीव चिखलात, आखूड दोरीला बांधलेला, अंगभर खरूज घेऊन उभा होता. वाचवलं म्हणजे आपण नेमकं काय केलं?

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत : बांधणं, मारणं, अवयव छेदणं, अतिभार लादणं, अन्नपाणी रोखणं. उंट पाळण्याच्या रीती यावर घासून बघाव्यात. राजस्थानातले राईका कळप मोकळे चारतात. कच्छचे खराई उंट तर खाडी पोहून तिवरांची पानं खायला जातात. इथं बांधणं जवळजवळ नाही. पण नर गाडीला जुंपला की नाक टोचणं आलं, भार आला. दुबईच्या मोठ्या डेअरीत उंटिणी आवारात राहतात, धार यंत्रानं काढतात. तरी पिल्लू जवळ असल्याशिवाय उंटीण सहसा पान्हा सोडत नाही, म्हणून त्याला मायेपासून तोडत नाहीत. निर्दोष एकही रीत नाही. आणि आमचा पांजरपोळ पहिल्याच अतिचाराला अडखळतो!

राईका परंपरेनं उंटाचं मांस खात नाहीत, मादी कसायाला विकत नाहीत. घर चालायचं ते नर विकून. ट्रॅक्टर आले, कुरणं आटली, गिऱ्हाईक घटलं. त्यात २०१५ मध्ये राजस्थानानं कत्तलबंदी केली, परराज्यात नेण्यावर निर्बंध घातले. देशात २०१२ साली सुमारे ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये अडीच लाख. दोष सगळा कायद्याचा नव्हे, घसरण आधीपासूनचीच. पण न खपणारा नर कोणी पोसायचा?

"मग कसायाकडे जाऊ द्यायचे का?" सासूबाईंनी विचारलं. नाही, तेही माझ्या तोंडून निघत नाही. पण व्रत मी घेते तेव्हा झळ मला लागते. दुसऱ्यावर लादलं की ती त्याच्या चुलीला लागते. कच्छात सहकारी डेअरी उंटिणीचं दूध विकत घेते, म्हणून तिथं कळप राखायला निदान एक कारण उरलं आहे.

यंदाही पेटीत पैसे टाकीन. फक्त आधी विचारीन, यातले राईकाच्या कुरणासाठी किती?