मोजणी

सूसचा एक तरुण दुबईला कामाला होता. दिवाळीला पंधरा दिवस घरी येऊन गेला आणि संक्रांतीला पुन्हा आला, तेव्हा बायकोला तिसरा महिना लागलेला. मित्रांनी चेष्टेत बोटांवर महिने मोजले नि विसरून गेले. ती बोटं याच्या डोक्यात मात्र राहिली.

खिंड ओलांडून तो पाषाणला डॉक्टरबाईंकडे गेला. "पोटात सुई न घालता बाप कोण ते कळतं म्हणे?"

"कळतं. वारेतून बाळाच्या डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात उतरतात. डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ते दाखवलं. दहाव्या आठवड्याच्या सुमारास तिच्या रक्तातल्या अशा सुट्या तुकड्यांत साधारण दहावा हिस्सा बाळाचा असतो. त्यात जे आईचं नाही ते बापाचं. ते तुमच्या गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याशी ताडायचं."

"मग करून टाकू."

"1994 च्या कायद्यात गर्भाच्या तपासणीची कारणं ठरवून दिलीत. बाप ठरवणं त्यात नाही. लग्नातलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. पुण्याच्याच एका जोडप्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये बजावलंय, मुलाची डीएनए चाचणी उठसूट मागता येणार नाही." बाई थांबल्या. "आणि रक्त तिचं लागतं. ते तिच्याकडं मागणार कोण?"

संध्याकाळी तो बांधावर आण्णांजवळ बसला. "आण्णा, शंका आली तर तपासून घेतलेलं बरं ना?"

आण्णांना वाटलं, पोरगं जमिनीचं विचारतंय. "मी घेतलं होतं तपासून. धाकट्यानं बांध कोरला, असं कुणीतरी कानात घातलं. पौडला मोजणीचा अर्ज टाकला. मोजणीदार दिवसभर उन्हात राबला. बांध होता तिथंच निघाला, बोटभर इकडं नाही की तिकडं."

"मग मिटलंच की."

"माझं मिटलं." आण्णांनी तंबाखू मळली. "त्या दिवशी त्यानं मोजणीदाराला चहा दिला. मला विचारलं नाही. तुझ्या लग्नाला आला, पंगतीला बसला, आहेरही करून गेला. पण चहाचं काही त्यानं आजतागायत विचारलं नाही."

अंधार पडल्यावर तो घरी आला. ती भाकऱ्या थापत होती, कोपरापर्यंत पीठ.

"सोमवारी रक्त तपासायला जायचंय. हिमोग्लोबिन बघणारेत. याल ना?"

तो तिच्या हाताकडे बघत राहिला.

"दमलात का? चहा टाकू?"

त्याला पटकन उत्तर देता आलं नाही.